वकिलातीनंतरची गॅप

माझ्या सीव्हीत एक दिवसाचीही गॅप नाही. ही गोष्ट मी आयुष्यभर मिरवत आले. साताऱ्याहून निघाले तेव्हापासून साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलातून निवृत्त झाले तोपर्यंत, एक नोकरी मंगळवारी संपली तर दुसरी बुधवारी सुरू. दोन बाळंतपणांच्या रजासुद्धा तारीखवार लिहिलेल्या. इथे डॉक्टरांच्या नोकरीच्या अर्जात एक रकाना असतो: महिन्याहून मोठी गॅप असेल तर कारण द्या. तो रकाना मी कायम कोरा ठेवला. पुढे कन्सल्टंट झाले, मुलाखती घ्यायला बसू लागले, तेव्हा समोरच्याचा कागद हातात आला की आधी तोच रकाना बघायचे. आजारपण, नापास होणं, कुणाशी भांडण, कुणाची तक्रार. गॅपमध्ये काय दडलंय ते मला वासावरून कळतं, असा माझा दावा होता. आमचे हे म्हणायचे, "तू चुकून भूलतज्ज्ञ झालीस. पोलिसात जायला हवं होतंस."

तर एवढी मी हुशार. आणि गेल्या वर्षी एका चिनी बादशाही अधिकाऱ्याच्या सीव्हीवर, म्हणजे जो माणूस मरून शंभर वर्षं उलटली त्याच्या सीव्हीवर, सपशेल तोंडघशी पडले. पण काय मजा आली म्हणून सांगू! निवृत्तीनंतर इतकी धांदल, इतका आनंद मला कशानंच झाला नव्हता.

सुरुवात सिस्टरपासून झाली. सिस्टर म्हणजे आमच्या ऑपरेशन थिएटरची सिस्टर. एकोणीस वर्षं आम्ही एकाच टेबलाच्या दोन बाजूंना उभ्या होतो. दोघी रिटायर झालो तरी मी तिला सिस्टर म्हणते आणि ती मला डॉक्टर. ती मूळची मलेशियातली, पेनांगची चिनी. तिची आई त्र्याण्णव वर्षांची आहे आणि आमच्या घरापासून दोन स्टॉपवरच्या केअर होममध्ये राहते. तिच्याकडे मी आठवड्यातून एकदा डोकावते. डोकावते हाच शब्द बरोबर, कारण मी तिथे कधी बसत नाही. माझ्या पायाला भिंगरी. म्हातारी दर वेळी शेजारच्या खुर्चीवर थाप मारून म्हणते, "बस, डॉक्टर." मी म्हणते, "नाही हो, पाचच मिनिटांसाठी आलेय." आणि मग उभ्याउभ्या अर्धा तास बोलते.

तिच्या खोलीत खिडकीपाशी एक शेल्फ आहे. त्यावर तिचे आईवडील, सासूसासरे, नवरा असे सगळे गेलेले लोक फोटोंत ओळीने बसलेत. पुढे दोन संत्री आणि बॅटरीवरची मेणबत्ती, कारण केअर होममध्ये ज्योत लावायला बंदी. फेब्रुवारीतल्या एका दुपारी म्हातारीने मला कपाट उघडायला सांगितलं. खालच्या कप्प्यात, लोकरीच्या कार्डिगनांखाली एक फ्रेम पालथी घातलेली होती. मी ती सुलटी केली आणि माझ्या तोंडून "अरे बापरे!" निघालं, ते थेट मराठीत.

फोटोत एक पन्नाशीचा माणूस होता. डोक्यावर कडेला वर वळलेली टोपी, टोपीच्या शेंड्यावर मणी, गळ्यात लांब माळ आणि अंगात पायघोळ झगा. झग्यावर छातीच्या मधोमध भरतकामाचा चौकोन, आणि त्यात पंख पसरलेला पक्षी. फोटोखाली लंडनच्या कुठल्याशा स्टुडिओचा शिक्का. चेहरा मात्र अगदी ओळखीचा, ऑन-कॉल करून आलेल्या माणसासारखा थकलेला.

"माझे आजोबा," म्हातारी म्हणाली. "बादशहाचे अधिकारी होते. लंडनच्या वकिलातीत होते."

"मग शेल्फवर का नाहीत?"

म्हातारीचं इंग्रजी मोजकं आहे, राहिलेलं सिस्टर सांगते. तिने सांगितलं ते असं. म्हातारी पाच वर्षांची असताना पेनांगच्या घरात दाराआडून तिने एका नात्यातल्या बाईचं बोलणं ऐकलं होतं: हिचा आजा लंडनहून मुदतीच्या आधीच परत आला, अंगावरचा सरकारी झगा उतरला आणि दोन-तीन वर्षं घरात नुसता बसून होता. पुढे लढाई आली, वडील गेले, विचारायला कुणी उरलं नाही. बादशहाने ज्याला हाकललं त्याला पूर्वजांच्या ओळीत बसवू नये, असं तिच्या आईचं मत पडलं. तेव्हापासून हा माणूस एका कपाटातून दुसऱ्या कपाटात असा अर्ध्या जगातून फिरला, पण शेल्फवर चढला नाही.

"एप्रिलमध्ये आमच्यात पितरांना जेवण ठेवतात," म्हातारी म्हणाली. "मला आता किती एप्रिल मिळणार? डॉक्टर, तू खूप लोकांचे कागद वाचलेस. त्याचा कागद वाच आणि सांग. हाकललं की नाही?"

सिस्टरच्या वडिलांनी फार वर्षांपूर्वी टाइप करून ठेवलेले दोन पिवळे कागद तिने माझ्या हातात दिले. ते जहाज कंपनीत कारकून होते. घरात पोरांना चिनी वाचता येईना म्हणून त्यांनी सासऱ्यांच्या घराण्याचा तो कागद इंग्रजीत उतरवला होता. तीन रकाने होते: वर्ष-महिना, ठिकाण, हुद्दा. वर शीर्षकाच्या जागी लिहिलं होतं की बादशहाच्या भेटीला जाताना प्रत्येक अधिकाऱ्याला आपल्या नोकरीचा तपशील असा लिहून द्यावा लागत असे.

म्हणजे सीव्हीच की हो! मी बस न पकडता घरापर्यंत चालत गेले, वाटेत दोनदा थांबून वाचलं. त्यांच्यात पूर्वजाचं नाव घेत नाहीत म्हणून मी त्याला मनातल्या मनात "साहेब" म्हणू लागले. तेच पुढे आमच्या घरात रूढ झालं.

पुढचे तीन आठवडे मी कुणाचीच उरले नाही. लायब्ररीतून पुस्तकं आणली, डायनिंग टेबल अडवलं. ह्यांनी तक्रार न करता सोफ्यावर जेवायला सुरुवात केली. ह्यांची सगळी हयात कौन्सिलच्या रस्ते खात्यात गेलेली, त्यामुळे कशाचीही वाट बघायची सवय.

"अहो, ऐकलंत का? साहेब तीनदा नापास झाला!"

"अरे वा. मग आपल्यातलाच म्हणायचा."

"चेष्टा नको. परीक्षेला तीन-तीन दिवस एकेकाला खोपटात कोंडायचे. शाई, कंदील, खायचं-प्यायचं सगळं बरोबर न्यायचं. दोन फळ्या दिलेल्या असायच्या. दिवसा त्या टेबल आणि बाक, झोपायचं असलं की शेजारी-शेजारी लावायच्या."

"आणि टॉयलेट?"

"मडकं."

"हे बघ, तुझ्या फायनल फेलोशिपच्या परीक्षेला निदान टॉयलेट होतं. उगीच रडत होतीस."

चौथ्या खेपेला साहेब पास झाला. मी टाळ्या वाजवल्या, खरंच वाजवल्या. मग एका तालुक्याचा न्यायाधीश, वसुली अधिकारी आणि तुरुंगाधिकारी, सगळं एकटाच. मग नदीच्या बांधाचं काम. इथे ह्यांचे कान टवकारले. बांध कशाचा, मातीचा की दगडाचा, फुटला तर जबाबदारी कुणाची, असं विचारत हे स्वतःच पुस्तक घेऊन बसले. छातीवरच्या पक्ष्याचाही उलगडा झाला. मुलकी अधिकाऱ्याच्या प्रत्येक दर्जाला वेगळा पक्षी ठरलेला, बढती मिळाली की पक्षी बदलायचा. बांध टिकला म्हणून साहेबाचा पक्षी बदलला. मग बंदरावरच्या परदेशी व्यवहाराच्या कचेरीत तो तह-करार शिकला, चाळिशीत इंग्रजी शिकला. त्याची वाटचाल बघताना मला वॉर्डवरच्या एकेका हुशार ज्युनिअरचा चेहरा आठवायचा. हा पोऱ्या पुढे जाणार, हे पहिल्या आठवड्यातच कळतं ना, तसं.

आणि मग ती ओळ आली. लंडनच्या वकिलातीत दुय्यम अधिकारी म्हणून नेमणूक, साउथहॅम्प्टनला उतरून.

साउथहॅम्प्टनला! म्हणजे माझ्या गावात! मी सिस्टरला फोन केला आणि सरळ बंदरावर ओढून नेलं. वारा असा की कान तुटून पडतील. समोर दहा-बारा मजली क्रूझ जहाज उभं, पलीकडे नव्या मोटारींच्या रांगाच रांगा.

"इथे उतरला असेल," मी ओरडले. "ह्या थंडीत! डोक्यावर ती टोपी! बरोबर पेट्या, नोकर, स्वयंपाकी. गोदी कामगार बघतच राहिले असतील."

"डॉक्टर, मी साठीची आहे आणि मला थंडी वाजतेय," सिस्टर म्हणाली. पण तीही हलली नाही. तिने थर्मासमधला चहा ओतला. "माझे आईवडील ज्या बंदरावर उतरले, त्याच बंदरावर तोही उतरला आणि आम्हाला पत्ताच नाही," ती म्हणाली. आम्ही दोघी त्या पाण्याकडे बघत चहा प्यालो. मला तर साहेब माझ्याच माहेरचा वाटायला लागला होता.

त्या आनंदातच दुसऱ्या पानावर आले आणि थबकले. लंडनची नेमणूक तीन वर्षांची. दीडच वर्षाने नोंद संपली. पुढची नोंद थेट दोन वर्षं पाच महिन्यांनी. आणि हुद्दा कुठला? आतल्या मुलखातला एक पुराने बुडणारा जिल्हा. वकिलात नाही, बंदर नाही, इंग्रजीचा काही उपयोग नाही.

माझ्या आतली मुलाखत घेणारी बाई खाडकन जागी झाली. मुदतीआधी परत, मोठी गॅप, कारण लिहिलेलं नाही, आणि परत आला तो खालच्या जागेवर. असे कागद मी शेकड्याने पाहिलेत. ह्याचा अर्थ एकच. मला वाईट वाटलं, साहेबाचा रागही आला. इतकं करून शेवटी माती खाल्लीस ना, म्हणून. पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त मला निदान सापडल्याची खुशी झाली होती.

दुसऱ्याच दिवशी मी केअर होममध्ये गेले. म्हातारीने खुर्चीवर थाप मारली. मी उभ्यानेच, कागद हातात धरून, तीन मुद्दे सांगितले. सिस्टरने तिच्या भाषेत ते सांगितले. शेवटी मी म्हटलं, "म्हणजे काढून टाकलं असणार. आय ॲम सॉरी."

म्हातारीने खिडकीबाहेर पाहिलं. मग म्हणाली, "मला वाटलंच होतं." आणि सिस्टरला काहीतरी हळू बोलली.

बाहेर कार पार्कमध्ये सिस्टर माझ्याकडे न बघता म्हणाली, "ती म्हणाली, फ्रेम चॅरिटी शॉपला दे. फोटो तुला हवा असेल तर ठेव." मग पुढे, "डॉक्टर, वाईट बातमी देताना आधी बसायचं, हे तूच ज्युनिअर्सना शिकवायचीस. तू बसलीसुद्धा नाहीस."

एकोणीस वर्षांत सिस्टर मला कधी असं बोलली नव्हती. मी घरी आले. डायनिंग टेबलवरची पुस्तकं आवरायला घेतली आणि आवरवेनात. साहेबाने असं केलं तरी काय? हाकललं असेल तर कशासाठी? लाच? भांडण? एखादं चुकीचं भाषांतर? निदान तेवढं तरी म्हातारीला सांगता यावं. आमच्याकडे एका चर्चच्या हॉलमध्ये शनिवारी चिनी शाळा भरते. तिथले मास्तर तैवानचे, साहित्य शिकवून निवृत्त झालेले, जुनी दरबारी चिनी वाचणारे. मी त्यांच्यापुढे ते दोन पिवळे कागद ठेवले.

मास्तरांनी चष्मा वर केला, खाली केला. "हे काय आहे?"

"त्याचा सीव्ही."

"हे कुणीतरी केलेलं टिपण आहे. मूळ कागद कुठाय?"

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पंचवीस-तीस वर्षं मी ज्युनिअर पोरांना हेच ओरडत आले: दुसऱ्याने केलेल्या समरीवर भरवसा ठेवू नका, मूळ नोट्स बघा! आणि मी स्वतः? दुसऱ्याच्या घाणेरड्या फोटोकॉपीवर पेशंटला भूल दिली असती का? तिथूनच सिस्टरला फोन लावला. "सिस्टर, प्लीज, रागावू नकोस, आईंना एक विचार. मूळ कागद आहे का?"

दहा मिनिटांनी फोन आला. सिस्टरच्या आवाजात हसू होतं की रडू, कळेना. "आहे म्हणते. बिस्किटांच्या डब्यात, सुईदोऱ्याखाली. मी विचारलं, मग दाखवला का नाहीस? म्हणते, कुणी मागितलाच नाही."

त्याच दुपारी आम्ही तिघं केअर होमवर धडकलो. कागद चांगला हातभर लांब, साडीच्या निऱ्या घालाव्यात तसा घडीवर घडी घातलेला. मास्तरांनी आधी हात धुतले, मग टेबल पुसून घेतलं, मग एकेक घडी उघडली. ठसठशीत काळी अक्षरं आणि दोन ठिकाणी त्यांच्यामध्ये, निम्म्या आकाराची, बारीक अक्षरं. मी त्यांच्या खांद्यावरून वाकून बघत होते, जसं काही मला वाचताच येणार होतं.

"मोठी अक्षरं म्हणजे हुद्दे," मास्तर म्हणाले. "टाइप करणाऱ्याने तेवढीच घेतली. बारीक अक्षरं हुद्दा नाही म्हणून सोडून दिली."

"आणि बारीक अक्षरांत काय आहे?"

मास्तर वाचत गेले, आधी चिनीत, मग इंग्रजीत. अमुक वर्षी, अमुक महिन्यात, लंडनच्या मुक्कामी, आई वारल्याची वार्ता पोचली. नियमाप्रमाणे त्या दिवसापासून पद सोडले. राजदूताने दरबारी लिहिले, हा माणूस तहांचा जाणकार आहे, याला शोकातून सूट मिळावी. सूट देऊन कामावर राहण्याची आज्ञा झाली. याने माफीची विनंती केली. पुन्हा आज्ञा झाली. पुन्हा विनंती केली. मंजूर. घरी परतून सत्तावीस महिन्यांचा शोक पुरा केला. कामावर रुजू.

 मास्तरांनी मान वर केली आणि शाळेतल्या पोरांना सांगावं तसं आम्हाला समजावलं. आई किंवा वडील गेले की अधिकारी कितीही मोठा असो, त्याने पद सोडून घरी जायचं. सरकारी झगा उतरवायचा, साधं जाडंभरडं कापड नेसायचं. गाणंबजावणं नाही, मेजवान्या नाहीत. सत्तावीस महिने. ते कधीपासून मोजायचे, तर बातमी कानावर पडली त्या दिवसापासून. परत आल्यावर जी जागा रिकामी असेल ती घ्यायची, जुनी जागा कुणी राखून ठेवत नसे.

"म्हणजे त्याला काढलं नव्हतं?" मी विचारलं.

"उलट! बातमी दडवून जे नोकरीला चिकटून राहायचे त्यांना काढायचे. पकडले गेले की बडतर्फ. हा तर दोनदा 'राहा' म्हटलं तरी राहिला नाही."

मी "येस!" म्हणून अशी किंचाळले की दारातून केअरर पळत आली, तिला वाटलं कुणी पडलं. सिस्टरने मला मिठी मारली. मी मास्तरांनाही मारणार होते, पण ते शहाणे, त्यांनी टेबल मध्ये घातलं.

 म्हातारीने मात्र मास्तरांना ती बारीक अक्षरं पुन्हा वाचायला लावली. मग पुन्हा. तिसऱ्यांदा ते वाचत असताना तिचेही ओठ हलत होते. मग म्हणाली, "घरात बसून होता, असं ती बाई म्हणाली होती. खरंच बोलली. आईसाठी बसला होता." आणि कपाटाकडे बोट केलं.

फ्रेम अजून चॅरिटी शॉपला गेली नव्हती. सिस्टरने ती कार्डिगनच्या बाहीनेच पुसली आणि शेल्फवर ठेवली. म्हातारीने ती सरकवायला सांगितली, अजून जरा, अजून जरा, थेट वडिलांच्या फोटोपुढे. सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी वर्षांनी साहेब रांगेत बसला. मी त्याला खरंखुरं हात जोडून म्हटलं, "चुकलं माझं."

घरी जाताना मी बसमध्ये जवळजवळ गात होते. ह्यांना सगळं सांगितलं, हातवारे करकरून सांगितलं. दोनदा आज्ञा झाली तरी साहेब थांबला नाही, हे सांगताना मात्र माझे हातवारे मध्येच थांबले. हे उठून जवळ आले. त्यांना सगळं माहीत होतं.

मी लेस्टरला रजिस्ट्रार होते तेव्हा माझी आई गेली. मार्च महिना होता, फायनल परीक्षा तीन आठवड्यांवर. पहाटे भावाचा फोन आला. सकाळी मी कन्सल्टंटला सांगितलं, तर तो भला माणूस म्हणाला, "जा तू, ड्यूट्यांचं आम्ही बघतो." साहेबाला बादशहाने थांबवलं होतं. मला कुणीसुद्धा थांबवलं नाही. मीच म्हटलं, नको, परीक्षा आहे, नंबर हुकेल, सहा महिन्यांची गॅप पडेल. त्या दिवशी मी सकाळची आणि दुपारची अशा ऑपरेशनच्या दोन्ही लिस्ट केल्या. दहाव्या दिवशी बाबांनी फोनवर सांगितलं, कावळा लगेच शिवला, तिची काही इच्छा राहिली नव्हती. पुढे कितीतरी वर्षांनी भावाने खरं सांगितलं. नदीकाठी दीड तास पिंडाला कावळा शिवेना. शेवटी भावाने हात जोडून मोठ्याने म्हटलं, "आई, तिची परीक्षा झाली की ती येईल." तेव्हा शिवला.

मी पास झाले. जुलैत गेले, दहा दिवसांसाठी. तोवर आईचं कपाट रिकामं झालं होतं. माझ्यासाठी एक साडी बाजूला काढून ठेवलेली होती. पाहुण्यांत, देवळात, बँकेत दहा दिवस गेले आणि मी परत आले ती थेट ड्यूटीवर. आईला हेच आवडलं असतं, असं सगळे म्हणाले. मीही तेहतीस वर्षं तेच म्हणत आले.

एप्रिलमध्ये पितरांचं जेवण झालं. सिस्टरने भात, कोंबडी, वाफवलेले गोळे आणि संत्री आणली होती. मी करंज्या करून नेल्या होत्या, म्हातारीने त्यातल्या दोन साहेबापुढे ठेवायला लावल्या. टाइप केलेला कागद मी नवा करून दिला होता, आता त्यात बारीक अक्षरांच्या ओळी होत्या. म्हातारीने तो भिंगाखाली धरून सावकाश वाचला. मग म्हणाली, "छान. आता पुढच्या आठवड्यात तुझा आण."

"माझा काय?"

"तुझा कागद. त्याचा वाचला, तुझाही वाचेन."

मी हसले, पण घरी येऊन कॉम्प्युटरवर ती फाइल उघडली. रिटायर झाल्यापासून उघडली नव्हती. आता ती कुणी मागणार नव्हतं, की त्यावर कुठली जागा मिळणार नव्हती. लेस्टरच्या नोकरीपाशी आले. वरखाली तारखा एकाला एक घट्ट चिकटलेल्या. मी त्यांच्यामध्ये कर्सर ठेवला, अक्षरं बारीक केली आणि एक ओळ लिहिली. प्रिंट काढला. ह्यांनी तो वाचला, घडी घालून माझ्या पर्समध्ये ठेवला आणि म्हणाले, "आज बसची घाई करू नकोस."

म्हातारी तयारच होती. भिंग घेऊन ती वरून खाली येत गेली. सातारा, पुणे, मग इकडची एकेक हॉस्पिटलं. मी नेहमीसारखी खिडकीपाशी उभी. तिचं बोट त्या ओळीवर थांबलं. मार्च. आई गेली. रजा घेतली नाही.

तिने वर पाहिलं. "मग बसलीस कधी?"

"नाही बसले," मी म्हटलं.

 तिने शेजारच्या खुर्चीवर थाप मारली.

माझ्या तोंडावर "पाचच मिनिटांसाठी" आलं होतं. शेल्फवरून साहेब बघत होता. मी पर्स खाली ठेवली, कोट काढला आणि त्या खुर्चीत बसले. बसल्याबसल्या मला असं रडू फुटलं की माझं मलाच नवल वाटलं. म्हातारीने थांबवलं नाही. माझं आवरल्यावर तिने कागद बाजूला ठेवला, भिंग ठेवलं आणि विचारलं, "कशी होती?"

"माझ्या आईला ना," मी म्हटलं, "घाई अजिबात खपायची नाही."